मातीचा साचा नव्हे, मातीचा नमुना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला अश्वारूढ पुतळ्यावरचा लेख वाचला. 'शिल्पकाराने दहा फुटी मातीचा साचा केला व त्यात ब्राँझ ओतून दहा फुटी पुतळा साकारला.' एवढ्याशा वाक्यात इतक्या चुका बसवायला कसब लागते, ते मान्य करतो.

मातीचा जो पुतळा उभा असतो तो भरीव. त्यात ओतणार कुठे? तो नमुना. साचा त्याच्यावरून काढतात आणि तो पोकळ असतो. घरात मोदक करणाऱ्या कोणालाही विचारले असते तरी हा फरक कळला असता.

शब्द चुकला की पुढचे सगळेच कसे चुकते, ते पाहा. मातीच्या नमुन्यावर पत्र्याच्या पट्ट्या खोचून भाग पाडतात आणि एकेका भागावर प्लास्टर चढवतात. घोड्याच्या जबड्याखाली, लगामाच्या मागे, जिथे जिथे बाजू आत वळते तिथे साच्याचा निराळा तुकडा करावा लागतो. नाहीतर साचा सुटतच नाही, ओढला तर तुटतो. साचा सुटेपर्यंत ओल्या नमुन्याची वाट लागते. उरलेली माती खरवडून काढतात आणि पुढच्या कामाला वापरतात. म्हणजे 'मूळ मातीचा साचा संग्रहालयात जतन करणार' हे जे तुम्ही चौकटीत छापले आहे, ते जतन होणार तरी कसे? छायाचित्रात घोड्याचे जे पांढरे तोंड दिसते ते तर नमुनाही नव्हे आणि साचाही नव्हे. ती साच्यातून काढलेली प्लास्टरची प्रत आहे.

साच्यात आतून मेण चढवतात, साधारण पाच मिलिमीटर. पुतळ्याच्या धातूची जाडी तीच. आतल्या पोकळीत प्लास्टर आणि सुरखीचा, म्हणजे विटांच्या भुकटीचा, गाभा भरतात. मग साचा सोडवून मेणातून गाभ्यात लोखंडी खिळे टोचतात, अर्धे आत, अर्धे बाहेर. हे खिळे विसरले की मेण वितळून गेल्यावर गाभ्याला आधार राहत नाही, तो एका अंगाला कलतो. पुतळा एकीकडे जाड आणि दुसरीकडे भोक पडलेला निघतो. धातू आत यायला आणि हवा बाहेर जायला मेणाच्याच कांड्या जोडतात. हवेची वाट नसली की ती कोपऱ्यात कोंडते आणि नेमके कान नाहीतर बोट तयार होत नाही. वरून पुन्हा प्लास्टर-सुरखीचा थर, मग भट्टीत मंद आच, मेण निथळून जाते आणि त्याच्या रिकाम्या जागेत धातू ओततात. आत दमट राहिले तर धातू उसळतो आणि पुतळ्याला आतून छिद्रे पडतात. धातूत शेकडा तांबे 85, कथील, जस्त आणि शिसे प्रत्येकी 5, हे नेहमीचे प्रमाण. थिजताना हा धातू साधारण दीड टक्का आकसतो. म्हणजे दहा फुटी नमुन्याचा पुतळा पावणेदोन इंच तरी ठेंगणा होणारच. दहा फुटी पुतळा हवा तर नमुना त्या मानाने मोठा धरावा लागतो. तुमच्याकडे दोघेही दहा फुटी!

लेखाच्या शेवटी 'अशा मुशीतून घडलेला' असेही आहे. ओतारी मूस म्हणतो ती धातू वितळवायची. तिच्यात कोणी घडत नाही.

जुन्या पद्धतीत मात्र मेणाची मूर्ती हाच नमुना असे आणि तो भट्टीतच नाहीसा होई. म्हणून तशी मूर्ती एकच. चालुक्य राजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात मेणाच्या वजनावरून धातू किती घ्यावा तेही दिले आहे: तांबे-पितळ दहा किंवा आठ पट, चांदी बारा पट, सोने सोळा पट. हा ग्रंथ गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत, म्हणजे आपल्या बडोद्यातूनच छापला गेला. लेखकाला फार लांब जावे लागले नसते.

त्याच पानावर विजेच्या रिक्षाच्या बातमीत 'आद्य साचा यशस्वी' असा मथळा आहे. चाचणीसाठी हाताने जोडून केलेली पहिली रिक्षा म्हणजे आद्यनमुना. ती चालते, बिघडते, तिच्यावरून पुढची सुधारतात. साचे त्यानंतर बनतात, आणि त्याला खर्चही बराच येतो. म्हणून तर आधी एकच करून पाहतात. साचा रस्त्यावर चालत नाही हो!

आणि चित्रपटकार दादासाहेब फाळके आपल्या बडोद्याच्या कलाभवनचे विद्यार्थी, हे चौथ्या पानावर अभिमानाने सांगून खाली 'फाळक्यांचे पूर्वज तोरणे' कशाला? पूर्वज रक्ताचे असतात. तोरण्यांचा 'पुंडलिक' मे 1912 चा, 'राजा हरिश्चंद्र' मे 1913 चा. एक वर्ष आधीच्या माणसाला पूर्वज? 'पूर्वसुरी'ही इथे जपूनच वापरावा. ज्याच्या वाटेने आपण गेलो तो पूर्वसुरी. 'पुंडलिक' हे कॅमेरा समोर ठेवून टिपलेले नाटक होते, फाळक्यांनी पडद्यासाठी म्हणून चित्र रचले. 'तोरणे आधीचे' एवढे लिहिले असते तरी चालले असते.

खरे तर वर्तमानपत्राला हे शिकवायची पाळी यायला नको होती. खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईत अक्षर कोरलेला पोलादी पंच हा नमुना, तो तांब्यात ठोकून पडलेली मातृका हा साचा, आणि तिच्यात शिशाचा रस ओतून निघे तो खिळा. अक्षर पंचावर उलटे, मातृकेत सुलटे, खिळ्यावर पुन्हा उलटे, कागदावर सुलटे. यातले एक जरी कोणी चुकवले असते तरी अंक निघाला नसता. आता संगणक आला आणि ही कटकट गेली, पण तिच्याबरोबर तुमच्या पुरवणीतून मराठी वळणाचे ल आणि श का गेले? पहिल्या पानावर ते अजून आहेत, पुरवणीत मात्र हिंदी वळणाचे. एकाच अंकात दोन वळणे कशासाठी?

आपला,
एक वाचक
दांडिया बाजार, बडोदे