गिअरचं पेडल आणि दहाचा पाना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नव्या मोटरसायकलींवर तुमच्या पेपरात भरपूर येतं, पिकअप कसा, टाकी किती लिटरची, एबीएस एका चाकाला की दोन्ही. मी ते सगळं वाचतो आणि असलंच वाचून गाडी घेतली. पण घरी आल्यावर ज्या गोष्टीने मला दीड महिना छळलं ती कुठल्याच रिव्ह्यूत नव्हती, म्हणून हे पत्र.

गोष्ट एवढीशीच. गिअरचं पेडल खूप खाली होतं. चपलेत पाय त्याच्याखाली आरामात जायचा, पण चप्पल घालून गाडी चालवू नका म्हणून आपणच पोरांना ओरडतो ना, आणि घोट्यापर्यंतचे जाड बूट घातले की बुटाचं टोक त्या फटीत शिरायचंच नाही, दर वेळी अख्खा पाय फूटरेस्टवरून उचलायचा, वाकडा करायचा आणि मग गिअर वर ओढायचा. त्यात पहिला खाली, बाकीचे वर आणि मधे न्यूट्रल, त्यामुळे ओढणं जरा कमी पडलं की दुसऱ्याच्या जागी न्यूट्रल. मागचा हॉर्न मारतोय आणि आपलं इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी जागची हलत नाहीये. आधी वाटलं आपल्यालाच जमत नाही, मग वाटलं गिअरबॉक्समधेच काहीतरी लफडं आहे.

पहिल्या सर्व्हिसिंगला सांगितलं तर उत्तर मिळालं, "सर हे मॉडेल असंच येतं, सवय होईल." आता सवय व्हायला माझी हरकत नाही पण माझ्या डाव्या बुटाचं काय? त्याचं वरचं चामडं तोवर पांढरं पडलं होतं.

शेवटी एका रविवारी गाडीशेजारी खाली बसलो आणि नुसतं बघितलं. पेडलपासून एक बारीक रॉड मागे जातो, तो इंजिनमधून बाहेर आलेल्या शाफ्टवरच्या छोट्या आर्मला जोडलेला असतो, आणि रॉडच्या दोन्ही टोकांना एकेक लॉक नट, म्हणजे रॉड आपोआप फिरू नये म्हणून आवळलेला नट. हे नट तिथे उगाच नाहीत, रॉडची लांबी बदलता यावी म्हणूनच दिलेत! आणि मॅन्युअल उघडलं तर त्यात हे चित्रासकट छापलेलं. म्हणजे चूक माझीपण आहेच, पण गाडी ताब्यात देताना पेट्रोलची टाकी कशी उघडायची हे दाखवणाऱ्या माणसाला हे एक वाक्य सांगता आलं नसतं का.

दहाचा पाना घेतला आणि नट फिरवायला गेलो तर एक सुटला, दुसरा ढिम्म. जोर लावला, आणखी घट्ट झाला. इथे बहुतेक जण फसत असतील म्हणून मुद्दाम लिहितो, रॉडच्या एका टोकाला सरळ आटे असतात आणि दुसऱ्या टोकाला उलटे, त्यामुळे तिथला नट उलट्या बाजूला फिरवला की सुटतो. ही खोडी नाही, सोय आहे. दोन्हीकडे उलटसुलट आटे असल्यामुळे काहीही न काढता रॉड जागच्या जागी फिरवायचा, दोन्ही टोकं एकदम आत येतात किंवा बाहेर जातात. सहा मिमीच्या आट्याला साधारण एका फेऱ्यात एक मिमी सरकतं, दोन्ही टोकं मिळून दोन, आणि पायाखालचं टोक लांब असल्यामुळे तिथे त्याहून जास्त फरक पडतो. मी अर्धा अर्धा फेरा करत गेलो, दर वेळी बूट घालून गाडीवर बसून बघितलं, एकूण दोन फेऱ्यात काम झालं. माझ्या गाडीत रॉड छोटा केल्यावर पेडल वर आलं, तुमच्यात उलटं असू शकतं, फिरवून बघितलं की कळतंच.

काही गोष्टी सांभाळायच्या. इंजिन गार हवं. रॉड इतका बाहेर काढू नका की दोन-तीन आट्यांवरच लटकेल. नट आवळताना टोकाचे बॉल जॉइंट, म्हणजे रॉडच्या टोकाचे हलते गोल सांधे, पिळलेले राहू देऊ नका, नाहीतर पेडल जड होतं आणि तुम्ही परत गिअरबॉक्सला शिव्या घालणार. आणि मेन स्टँडवर मागचं चाक हाताने फिरवत सगळे गिअर टाकून बघा, मगच रस्त्यावर. ज्या गाडीला रॉडच नाही, पेडल थेट दातेरी शाफ्टवर बसतं, तिथे आधी खूण करा, बोल्ट नुसता ढिला न करता पूर्ण काढा कारण बऱ्याचदा तो शाफ्टच्या खाचेतून जातो, आणि एकच दाता सरकवा. मागच्या ब्रेकचं पेडल मात्र एवढ्या सहज हलवू नका, त्याला ब्रेक लाइटचा स्विच जोडलेला असतो, उंची बदलली की लाइट उशिरा लागतो नाहीतर कायमचा लागून राहतो, तोही सेट करावा लागतो.

गंमत म्हणजे गिअर कुठल्या पायाला असावा याचा कायदा होऊन गेला. पूर्वी ब्रिटिश गाड्यांना तो उजव्या पायाला असायचा, जुन्या बुलेटलाही तसाच, मग अमेरिकेने सप्टेंबर १९७४ पासून डाव्या पायाची सक्ती केली आणि ट्रायम्फ, नॉर्टनवाल्यांना सगळी जोडणी उजवीकडून डावीकडे आणावी लागली. तिथे पेडल किती उंच हा प्रश्न कोण कशाला काढणार, ज्याचा बूट त्याने बघावं. मान्य. पण मग "असंच येतं" म्हणू नका, "असं बदलता येतं" म्हणा.

तुमच्या रिव्ह्यू लिहिणाऱ्यांना एक विनंती, पुढच्या वेळी टॉप स्पीड एका ओळीत उरका आणि जाड बूट घालून गिअर टाकून बघितला का, पेडलची उंची बदलता येते का, तेवढं लिहा. जागा नसेल तर माझं पत्र कापलं तरी चालेल, फक्त उलट्या आट्यांचा भाग राहू द्या.

आपला,
एक नियमित वाचक