गोट्याच्या रिपोर्टबद्दल, मंजूला

प्रिय मंजू,

काल फोन ठेवल्यावर मला बराच वेळ झोप लागली नाही. तुझ्या बोक्याच्या, गोट्याच्या रिपोर्टमधलं ‘साखर ४१२’ वाचताना तुझा आवाज नीट होता. खालची, किडनीचं काम दाखवणारी ओळ आली, ‘क्रिएटिनिन २.३’, आणि तू थांबलीस. मग म्हणालीस, “एकाच वेळी दोन्ही कसं गं?” मला धड उत्तर देता आलं नाही. फोनवर माझं नेहमी असंच होतं, म्हणून सकाळी उठून आधी हे लिहायला बसले.

माझा बोका खंड्या मधुमेह घेऊन चार वर्षं जगला, हे तुला माहीत आहे. त्यातली शेवटची दोन वर्षं किडनीचं दुखणंही सोबत होतं. आज तुझ्या मनात जे चाललंय ते सगळं मी त्या स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून सोसलं आहे. तेव्हा डॉक्टरांच्या बोलण्यातला अर्धाच भाग माझ्या कानात शिरायचा. तुझं तसं होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आधी त्या २.३ बद्दल. मांजरांच्या किडनीच्या आजाराच्या पायऱ्या ठरवताना १.६ ते २.८ ही दुसरी पायरी धरतात, म्हणून तू नेटवर जे वाचलंस ते चूक नाही. पण ही पायरी शरीरात पाणी पुरेसं असताना आणि प्रकृती स्थिर असताना ठरवायची असते, तीही एकाच रिपोर्टवरून नाही. गोट्या गेले कित्येक दिवस लघवीवाटे पाणी घालवतोय. साखर साधारण अडीचशे-पावणेतीनशेच्या वर गेली की ती लघवीत उतरते आणि जाताना पाणी ओढून नेते. शरीर असं सुकलं की क्रिएटिनिन नुसत्या त्यामुळेही वर जातं. उलट, मांजर हाडकलं असेल तर स्नायू कमी झाल्यामुळे हाच आकडा खोटा कमी दिसतो. म्हणून साखर जरा ताब्यात आल्यावर क्रिएटिनिन पुन्हा तपासून घे. डॉक्टरांना एसडीएमए या रक्ताच्या तपासणीबद्दल विचार, ती किडनीचा बिघाड बऱ्याचदा आधी दाखवते. सोबत फॉस्फरस, पोटॅशियम, लघवीतलं प्रथिन आणि रक्तदाब. रक्तदाब विसरू नकोस. किडनीच्या आजारात तो वाढतो आणि कधी कधी मांजराची नजर एका रात्रीत जाते. लघवीचा कल्चरही, म्हणजे तिच्यात जंतू वाढतात का याची तपासणी, करून घे. गोड लघवीत जंतुसंसर्ग पटकन होतो, आणि तो कधी बाहेरून काहीच न दाखवता आत किडनीपर्यंत पोचतो.

भरपूर पाणी, भरपूर लघवी, खाऊनही उतरणारं वजन. ही लक्षणं मधुमेहात दिसतात. किडनीच्या आजारातही पाणी आणि वजनाची हीच रड असते, फक्त तिथे भूक बहुधा मरते. थायरॉइड वाढलं तरी चित्र जवळपास असंच. मी पहिले दोन महिने हेच ओळखू शकले नाही. खंड्या पाच किलोचा होता आणि दिवसाला अर्धा लिटर पाणी संपवायचा. मला वाटायचं, उकडतंय म्हणून पीत असेल. ट्रेमधले वाळूचे गोळे मुठीएवढे झाले होते आणि मी मुकाट्याने वाळू बदलत होते. मग एक दिवस तो मागचे पाय घोट्यापर्यंत जमिनीला टेकवून चालायला लागला, सशासारखा. साखरेने पायांच्या नसा दुखावल्या की मांजरं तशी चालतात. साखर सुधारल्यावर काही महिन्यांत तो पुन्हा पंजांवर चालला, पण ते दोन महिने मला अजून सलतात. तू गोट्याला वेळेवर नेलंस, मंजू. माझ्यापेक्षा कितीतरी आधी.

आता जे सांगण्यासाठी हे पत्र लिहितेय ते सांगते. आपण घाबरतो वर गेलेल्या साखरेला. आज-उद्याचा खरा धोका खाली उतरलेल्या साखरेत आणि न खाल्लेल्या वाटीत असतो. ४१२ असलेलं, खातंपितं मांजर डॉक्टरांशी बोलेपर्यंत थांबू शकतं. ४० असलेलं थांबू शकत नाही.

हे मला कसं कळलं ते मी तुला कधी सांगितलं नाही. इन्सुलिन सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. सिरिंज संपल्या म्हणून मी नवीन पाकीट आणलं. आमचं इन्सुलिन ग्लार्जिन, म्हणजे यू-१०० ताकदीचं, एका मिलिलिटरमध्ये शंभर युनिट, आणि मी आणलेल्या सिरिंज होत्या यू-४० च्या, चाळीस युनिटच्या इन्सुलिनसाठी आखलेल्या. टोपण लाल होतं, आधीचं नारिंगी होतं. माझ्या ते लक्षात आलं, पण कंपनी बदलली असेल असं समजून मी सोडून दिलं. नेहमीसारखी दोनच्या रेघेपर्यंत भरली. त्या सिरिंजवरच्या दोन रेघा म्हणजे आमच्या इन्सुलिनचे पाच युनिट. अडीचपट डोस गेला.

चार तासांनी खंड्या कपाटाखालून बाहेर आला तो झोकांड्या खात. डोळ्यांच्या बाहुल्या पूर्ण पसरलेल्या. मी हाक मारली तर त्याने माझ्याकडे बघितलं, पण ओळख नव्हती त्या नजरेत. ग्लुकोमीटरवर ३४. हिरड्यांना मध चोळला, थोडा थोडा, बोट त्याच्या दातांपासून लांब ठेवून. घशात काही ओतायचं नाही, श्वासनलिकेत जातं. मग टॉवेलात गुंडाळून दवाखान्यात. मध चोळल्यावर तो जरा सावरला तेव्हा एक क्षण वाटलं, आता कशाला जायचं. गेले नसते तर तो वाचला नसता, कारण ते इन्सुलिन आणखी कितीतरी तास काम करत राहणार होतं. रात्रभर त्याला ग्लुकोजच्या सलाइनवर ठेवलं.

म्हणून, मंजू, बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दर नव्या पाकिटाला मोठ्याने वाच. यू-४० ला यू-४०, यू-१०० ला यू-१००. घरात दुसऱ्या प्रकारची सिरिंज ठेवूच नकोस. सकाळी टोचलं की नाही याबद्दल शंका आली तर पुन्हा टोचू नकोस. एक डोस चुकला तर साखर थोडी चढेल, तेवढंच. दोनदा गेला तर काय होतं ते मी पाहिलंय. मध किंवा ग्लुकोज पावडर कायम हाताशी ठेव.

गोट्याच्या बाबतीत हे आणखी महत्त्वाचं का, तर इन्सुलिनचा बराचसा निचरा किडनीतून होतो. किडनी थकली की तेच इन्सुलिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं. कालपर्यंत बरोबर असलेला डोस एखाद्या दिवशी जास्त ठरू शकतो. शिवाय मांजरांमध्ये एक चांगली गोष्ट घडते, जी माणसांत इतक्या सहज घडत नाही: लवकर उपचार सुरू झाले आणि आहारातली पिष्टमय पदार्थांची मात्रा कमी झाली, की काहींचं स्वादुपिंड पुन्हा काम करू लागतं आणि इन्सुलिन बंद करता येतं. खंड्या सात महिने इन्सुलिनशिवाय राहिला. पण त्या वळणावर आपण जुनाच डोस टोचत राहिलो तर साखर कोसळते. म्हणून घरी मोजायला शीक. कानाच्या कडेच्या बारीक शिरेवर टोचायचं, आधी कान कोमट कापडाने शेकून घ्यायचा. माणसांची मीटर मांजराची साखर बहुधा खऱ्यापेक्षा कमी दाखवतात, तेव्हा डॉक्टरांना तू कोणतं मीटर वापरतेस ते सांग आणि तेच कायम ठेव. कातडीला चिकटवायचे सेन्सरही मिळतात. आमच्याकडे एक चौथ्या दिवशीच निघाला, पण त्या चार दिवसांत जे कळलं ते महिन्याभराच्या टोचण्यांत कळलं नव्हतं.

दवाखान्यातल्या आकड्यावरून डोस वाढवायची घाई करू नका. भेदरलेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीने तीनशेपार जाते. मागच्या एक-दोन आठवड्यांच्या साखरेचा अंदाज फ्रुक्टोसामाइन या रक्ततपासणीने येतो. आणि डोस एकदा बदलला की निदान पाच-सात दिवस तरी थांबायचं असतं. मी दोन दिवसांतच अधीर व्हायचे.

खाण्याचा पेच तू विचारलास तो खरा आहे. मधुमेहाचा आहार प्रथिनं जास्त, पिष्ट कमी. किडनीचा आहार फॉस्फरस कमी, प्रथिनं मोजकी, आणि त्यामुळे त्यात पिष्ट बरंच. आमच्या डॉक्टरांनी यातून जी वाट काढली ती मला आजही पटते: जे दुखणं जास्त पुढे गेलंय त्याला झुकतं माप. सुरुवातीला ओलं, कमी पिष्टाचं खाणं दिलं आणि फॉस्फरस बांधून ठेवणारं औषध त्यातच मिसळलं. किडनी तिसऱ्या पायरीवर गेल्यावर किडनीचं खाणं सुरू केलं आणि इन्सुलिन त्याप्रमाणे जुळवलं. पण कुठलंही खाणं ‘न खाण्या’पेक्षा बरं. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर लिव्हरमध्ये चरबी साचते, ते तिसरंच संकट. गोट्याने तोंड फिरवलं तर सुईला हात लावण्याआधी डॉक्टरांना फोन कर. खात नाही, उलट्या होतायत, मलूल पडलाय, श्वासाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतोय, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही. रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ, वाढल्याची ती खूण असू शकते.

गोळ्यांचं विचारलं होतंस. मांजरांच्या मधुमेहावरच्या बेक्साग्लिफ्लोझिन या औषधाला अमेरिकेत २०२२ च्या अखेरीस मंजुरी मिळाली, दिवसातून एक गोळी, सुई नाही. मोह होतो, कळतं मला. पण त्यात साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोन वाढू शकतात, आधी इन्सुलिन घेतलेल्या मांजरांना ती देत नाहीत, आणि सुरू करण्याआधी किडनी नीट तपासावी लागते. गोट्याचा तो २.३ पाहता मी तरी सुईच धरेन.

त्वचेखाली सलाइन द्यायची वेळ आली तर ती पुढची गोष्ट. आजच तिचा घोर लावून घेऊ नकोस.

एक साधी वही कर. तारीख, वेळ, किती खाल्लं, किती पाणी प्यायला, डोस, साखर, आणि शेवटी एक शब्द, तो कसा वाटला त्याचा. खंड्याच्या वहीत मी तो रकाना नंतर घातला आणि डॉक्टर सगळ्यात आधी तोच वाचायचे. दर आठवड्याला वजनही लिही. आधी तू त्याला घेऊन काट्यावर उभी राहा, मग एकटी, आणि वजाबाकी कर.

सुईचं भय मात्र खरंच काढून टाक. ती केसासारखी बारीक असते. कुशीवरची कातडी चिमटीत उचलायची, तंबू होतो, त्यात आडवी सरकवायची. रोज जागा थोडी बदलायची. खंड्या त्या वेळी वाटीत तोंड घालून असायचा आणि मान वरही करायचा नाही. माझाच हात थरथरायचा, साधारण दहा दिवस.

शनिवारी संध्याकाळी पहिली सुई आहे म्हणालीस. साडेसातला फोन लाव, स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेव. आधी सिरिंजवरचा आकडा मला वाचून दाखव, मग बाटलीवरचा. टोचून होईपर्यंत मी बोलणार नाही, पण फोनवर असेन.

तुझी,
शैला

ता. क. खंड्याचं मीटर आणि वही कपाटात तशीच आहे. मीटर तुला पाठवते, पट्ट्या मात्र नव्या घे, जुन्यांची मुदत संपलीय. वही हवी असेल तर तीही पाठवते.