सांगलीलाही फुटबॉलची साखळी हवी

महोदय,
सांगलीपासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर असलेल्या कोल्हापुरात केएसएच्या (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) वरिष्ठ गटात १६ संघ साखळी सामने खेळतात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही नावे मूळची तालमींची. कुस्तीच्या तांबड्या मातीतून उठलेल्या पेठांनी फुटबॉल आपलासा केला. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठ रिकामी होते. याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.

तालमी सांगली-मिरजेतही आहेत आणि पोरांच्या पायातही तेवढाच जीव आहे. पण आमच्याकडे खेळ चालतो तो बहुधा बाद पद्धतीच्या स्पर्धांवर. एक सामना हरला की संघ घरी! माझा मुलगा बचावफळीत खेळतो. गेल्या वेळी दीड महिना पहाटे सराव केला आणि नव्वद मिनिटांत त्याची स्पर्धा संपली. परत येताना तो गाडीवर मागे गप्प बसून होता. साखळीत चूक सुधारायला पुढचा आठवडा मिळतो, राखीव खेळाडूही मैदानात उतरतो. पोर घडते ते तिथेच.

त्यासाठी फार खर्च नाही. पावसाळ्यानंतर एक मैदान दर शनिवार-रविवार फुटबॉलसाठी राखून ठेवावे, त्यावर मांडव आणि प्रदर्शने नकोत, कारण खिळे आणि खड्डे मागे राहतात आणि पोरांचे घोटे मुरगळतात. पंचांचे मानधन आणि प्रथमोपचाराची पेटी आम्ही पालक वर्गणीतून देऊ. महापालिकेने मैदानाचे वेळापत्रक तेवढे दिवाळीआधी जाहीर करावे.

- एक पालक, विश्रामबाग, सांगली