होळीला गावी जाण्याआधी वाचून दाखव

रॉटरडॅम
रविवार, १७ मार्च २०२४

ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला बरंचसं सांगून झालंय, तरी लिहायला बसले. हे पत्र तुझ्या एकटीसाठी नाही. पानांचे फोटो काढून मोबाइलवर पाठवते. आपल्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये डब्या भरणाऱ्या बायका होळीसाठी गावी निघतील, त्याआधी शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांना हे मोठ्याने वाचून दाखव. पेठ-सुरगाण्याची माणसं शिमग्याला थांबत नाहीत आणि आपण थांबवूही नये. माझं विमान २८ तारखेला आहे. मी येईन तेव्हा शेडमध्ये निम्मी टेबलं रिकामी असतील. होळीनंतर काही जणी परत येतात, काही जणी थेट पुढच्या मोसमाला दिसतात. एवढे महिने हे मनात ठेवून बसणं मला जमणार नाही.

आपला पहिला कंटेनर परवा उघडला. ७ फेब्रुवारीला न्हावा शेवाहून निघाला होता. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होत असल्यामुळे यंदा जहाजं सुएझ सोडून आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून येतात. एरवी तीन-साडेतीन आठवड्यांत पोचणारा माल पाच आठवडे पाण्यावर होता. या पाच आठवड्यांत तू देवापुढे दिवा लावताना काय पुटपुटायचीस, ते मला ठाऊक आहे.

रॉटरडॅमच्या दक्षिणेला बारेनड्रेख्त नावाचं गाव आहे. तिथे भाजी आणि फळांची मोठमोठी कोल्ड स्टोअरेज आहेत. मला आत जायला एक जाड कोट दिला, तरी हात गारठले. दार उघडलं तेव्हा पेट्यांच्या थप्प्यांची २० पॅलेट जशी आपण चढवली तशीच उभी होती, एकही पट्टी सैल नाही. त्यातला तापमान नोंदवणारा लॉगर काढून संगणकाला जोडला. पाच आठवड्यांची रेघ शून्याच्या आसपास सरळ गेलेली. मग तपासणाऱ्या बाईंनी वेगवेगळ्या पॅलेटमधून पेट्या काढल्या. पहिल्यांदा काय पाहिलं असेल? मणी नाही, काडी. घडाची काडी हिरवी आहे की तपकिरी पडली, यावरूनच त्यांना माल किती दमलाय ते कळतं. आपली काडी हिरवी होती. घड उचलून हलवला, मणी गळला नाही. रिंगेतून मापला, १८ मिलिमीटर. रस पिळून गोडी पाहिली, साडेसतरा. त्या बाईंनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली आणि मी कोटाच्या बाहीत तोंड लपवलं.

आता जे सांगायचंय ते सांगते. प्रत्येक पेटीवर बागेचा नोंदणी क्रमांक असतो, पॅकिंगची तारीख असते. मालात औषधाचा अंश सापडला तर कुठल्या बागेतून आला ते कळावं, म्हणून ही सगळी व्यवस्था. कोपऱ्यात आपण आपल्यापुरता टेबलाचा नंबरही मारतो. त्या बाई पेटी उघडायच्या, नंबर वाचायच्या, वहीत लिहायच्या. त्यांच्या दृष्टीने तो आकडा. मला मात्र प्रत्येक आकड्यामागे माणूस दिसत होतं. निफाडचा प्लॉट, २६ नोव्हेंबरच्या गारपिटीत ज्यांची निम्मी बाग झोडपली गेली ते काका. उरलेल्या बागेला बांगलादेशला माल नेणारा व्यापारी बांधावर रोख पैसे मोजायला तयार होता. आपल्याकडे रोख नव्हती. तरी काकांनी माल आपल्याला दिला, आणि दिला तोही तपासणीचा अहवाल येईपर्यंत आठ दिवस घड वेलीवर सांभाळून. त्या आठ दिवसांत परत पाऊस आला असता तर? मी तेव्हा त्यांना ‘बरं झालं काका’ एवढंच म्हणाले होते. आई, त्यांना फोन नको. त्यांच्या घरी जा.

पुढची पेटी टेबल चारची होती. टेबल चार म्हणजे आपल्या थोरल्या मावशी. २,६४० पेट्यांमधून नेमकी तीच निघाली. डबीतला प्रत्येक घड काडीला धरून ठेवलेला. मण्यांवरची पांढुरकी झाक कुठेही बोटाने पुसलेली नाही. पॅकहाऊस सुरू केलं त्या पहिल्या आठवड्यात मी घड मुठीत धरायचे. मावशींनी माझा हात धरून काडी चिमटीत कशी घ्यायची ते दाखवलं होतं. बारीक कात्रीने तडकलेला मणी असा काढायचा की शेजारच्याला टोक लागू नये, हेही त्यांचंच. एक तडकलेला मणी आत राहिला की त्याचा रस सुटतो, बुरशी धरते आणि पाच आठवड्यांत आख्खी डबी जाते. मावशींनी तो मणी काढला, म्हणून हजारो मैलांवर काडी हिरवी राहिली. कंपनीचं नाव माझं आहे, कागदावर सही माझी आहे, पण त्या दिवशी तिथे पास झाला तो मावशींचा हात.

तुला २०२२ आठवतंय ना? मी ते बोलायचं टाळत आले. तेव्हा इथल्याच एका खरेदीदाराने माल खराब पोचला म्हणून निम्म्याहून कमी पैसे दिले. वाटेत कंटेनरमधलं तापमान चढलं असावं असं मला आजही वाटतं, पण त्या वर्षी पैसे वाचवायला मी लॉगर बसवला नव्हता, त्यामुळे सिद्ध काहीच करता आलं नाही. सात बागायतदारांचे पैसे अडकले. मोटारसायकली अंगणात लागल्या तेव्हा मी आतल्या खोलीत होते आणि तू बाहेर जाऊन सगळ्यांना पाणी दिलंस. मी बाहेर आले ती घर विकायची तयारी करून. त्यांच्यातले सगळ्यात वडीलधारे म्हणाले, “ताई, बुडाले ते तुमचे एकटीचे नाहीत, आपले बुडाले. छाटणीपुरते द्या, बाकीचं पुढच्या साली बघू.” खरड छाटणीपुरते पैसे! त्यांच्या घरातही लग्नं होती, सोसायटीचं कर्ज होतं. त्या दिवशी त्यांनी गावात एक शब्द टाकला असता तरी मला पुन्हा कोणी एक क्रेट माल दिला नसता.

बायकांची मजुरी त्या वर्षी तीन आठवडे लांबली. शेजारची पॅकहाऊसं त्यांना रोज बोलावत होती. मुकादमदादा टोळी घेऊन गेले असते तर मी काय बोलणार होते? ते गेले नाहीत. त्यांना मी नंतर विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “अण्णांनी त्या साली माझ्या आईचे पैसे ठेवले नव्हते.” मला कळायलाच वेळ लागला. ते २०१० बद्दल बोलत होते. युरोपने क्लोरमेक्वॅटच्या अंशावरून आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडवले ते साल. वेलीची वाढ आवरायला सगळेच बागायतदार वर्षानुवर्षं ते फवारत आले होते आणि आपल्याकडे तपासायच्या यादीत ते नव्हतंच. अण्णांचा माल त्यात गेला, माल नेणाऱ्याने हात वर केले. अण्णांनी ट्रॅक्टर विकून आधी विरळणीच्या आणि तोडणीच्या बायकांची मजुरी चुकती केली. मला तेव्हा त्यांचा राग आला होता, कारण माझी फी राहिली होती. मुकादमदादांची आई त्या बायकांमध्ये होती. अण्णांनी बारा वर्षांपूर्वी दिलेली मजुरी माझ्या कामी आली, आणि ती लक्षात ठेवणारं माणूस माझ्याच शेडच्या दारात रोज हजेरी घेत होतं.

मावशींना मी त्याच दिवसांत म्हटलं होतं, की दुसरीकडे जा, तुमचं नुकसान नको. त्यांनी कात्री खाली न ठेवता सांगितलं, “तुला घड धरायला मी शिकवलं. आता तुला टाकून कुठं जाऊ?” हे वाचताना मावशी मान खाली घालतील. तरी वाच.

अंबडच्या पुठ्ठ्याच्या पेट्यावाल्यांनाही निरोप दे. मागची बाकी उभी असताना त्यांनी २०२३ च्या जानेवारीत पेट्यांची गाडी पाठवली आणि बिल मागितलं ते मे महिन्यात. गेल्या महिन्यात कोल्ड रूमचा कॉम्प्रेसर रात्री दोनला बंद पडला, तेव्हा सातपूरहून मोटारसायकलवर थंडीत आलेला मेकॅनिक. आणि पहाटे चारला बागेत क्रेट घेऊन उभा राहणारा आपला टेम्पोवाला, ज्याने दोन हंगामांत एकदाही खड्ड्यात गाडी आपटली नाही. द्राक्षाच्या गाडीला ही केवढी गोष्ट आहे, ते आपल्यालाच कळतं.

काल इथल्या दुकानात भारताची द्राक्षं पाहिली, दुसऱ्या कोणाची तरी. पाचशे ग्रॅमच्या डबीला अडीच युरो, म्हणजे सव्वादोनशे रुपये. मी तिथे बराच वेळ उभी होते. जहाज, कोल्ड स्टोअरेज, दुकान, सगळ्यांचा वाटा त्यात आहे हे मला समजतं. तरी डबी भरणाऱ्या हाताला त्यातलं किती पोचतं हा हिशेब डोक्यातून जाईना. नुसते आभार मानून मोकळं व्हायला मन तयार नाही. म्हणून या कंटेनरचे पैसे आले की कसे वाटायचे ते सांगते, तूही विचार कर. २०२२ चे ज्या दोन बागायतदारांचे पैसे अजून द्यायचेत, ते पहिले. मग पेट्यावाले. जानेवारीत बायकांनी माझ्याकडे तीनच गोष्टी मागितल्या होत्या: संडासाला नीट दार आणि दिवा, लेकरांना झोपवायला पंख्याखाली जागा आणि पाण्याचा नळ शेडच्या आत. मी “एप्रिलमध्ये बघू” म्हणाले. मला त्याची लाज वाटते. सुताराला सोमवारीच बोलाव, आणि होळीहून परत येतील तेव्हा दार लागलेलं असू दे. मजुरीचा दर मी आल्यावर मुकादमदादांशी बसून ठरवीन. तो वाढवायचाच आहे.

आता तुझ्याबद्दल. हा भाग तू वाचताना गाळशील, म्हणून आधीच सांगते, गाळू नकोस. २०२२ नंतर बँकेने कर्ज चालू ठेवायला कागद मागितले तेव्हा माझ्याकडे दाखवण्यासारखं काहीच नव्हतं, सगळे आकडे तोट्याचे. तुझी वही होती. कोणाच्या बागेतून किती क्रेट, किती वाजता गेटवर आले, किती वाजता गार करायला प्रीकूलिंगला गेले, टाकाऊ किती निघालं, रोजच्या रोज, सातवी शिकलेल्या तुझ्या ठसठशीत अक्षरात. अधिकारी साहेबांनी पानं उलटली, मध्ये एका ठिकाणी थांबले आणि विचारलं, ही वही कोण लिहितं? मी म्हणाले, आई. त्यांनी कर्ज चालू ठेवलं. तुला मी एवढंच कळवलं की काम झालं. ते कशामुळे झालं ते आज लिहितेय, दोन वर्षांनी. पॅकहाऊसमध्ये सगळे मला मालकीणबाई म्हणतात आणि तू गेटजवळच्या खुर्चीत पेन घेऊन बसलेली असतेस, हे मला आता नीट बघवत नाही. आल्यावर पहिलं काम म्हणजे कंपनीत तुझं नाव भागीदार म्हणून घालायचं. नाही म्हणू नकोस.

दुसरा कंटेनर २५ च्या आसपास बंदराला लागेल. तो उघडला की निघते. रंगपंचमी ३० तारखेला आहे, तोवर पंचवटीत पोचते. मागे राहिलेल्या मालाचं प्रीकूलिंग घाईने उरकू देऊ नकोस, आणि लॉगर प्रत्येक कंटेनरमध्ये, हे तूच बघ.

मावशींचा एक प्रश्न राहिला होता. निघताना त्यांनी विचारलं होतं, “आपली द्राक्षं तिकडं खातं तरी कोण?” तर त्यांना सांग: तपासणीसाठी उघडलेल्या टेबल चारच्या पेटीतली एक डबी मी मागून घेतली आणि मी राहते त्या घराच्या आजीबाईंना दिली. ऐंशीच्या पुढच्या आहेत, एकट्याच राहतात. जिन्याच्या पायरीवर बसून त्यांनी एकेक मणी खाल्ला, आणि दर मण्याला म्हणत होत्या, “लेकर, लेकर.” त्यांच्या भाषेत लेकर म्हणजे चविष्ट. मला त्यांची भाषा येत नाही, त्यांना आपली येत नाही. पण मी तिथेच शेजारी बसून रडले, आणि त्यांनी डबी माझ्याकडे सरकवली.

मावशींच्या नातवाला माझा पापा.

तुझी लेक