राडारोड्यावरची बदकं

टोरंटो, नोव्हेंबर

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बाबांना मोबाईलवर वाचायचं नाहीये, म्हणून दादा, हे मोठ्या अक्षरात छापून दे.

आधी आईची उत्तरं. जाड कोट घेतलाय. कानटोपी घालते. जेवते, खरंच. फोन ऐन दिवेलागणीला येतो तो मी आळशी झाले म्हणून नाही. इथे घड्याळं एक तास मागे घेतली, त्यामुळे माझे सकाळचे आठ म्हणजे तुमचे साडेपाच होते, ते आता साडेसहा झाले.

इथली एक गंमत ऐका. पानगळ झाली की लोक अंगणातली पानं दाताळ्याने ओढतात आणि कंबरेएवढ्या तपकिरी कागदी पिशव्यांत दाबून भरतात. प्लास्टिक चालत नाही. पिशव्या रस्त्याकडेला ओळीने उभ्या, जणू बस यायची आहे. ठरल्या दिवशी पालिकेची गाडी येऊन नेते, त्याचं खत होतं. पण या पिशव्या दुकानातून विकत आणायच्या! पानं टाकायला पैसे! समोरचे आजोबा तर झाडावर निम्मी पानं असतानाच झाडायला घेतात, आणि वारा सुटला की पुन्हा पहिल्यापासून. मी हसले नाही, हात हलवला फक्त.

रविवारी तलावाकाठी गेले होते. तलाव म्हणजे आपली ठाण्याची तलावपाळी नव्हे, पलीकडचा किनारा दिसतच नाही. पाण्यात पाच किलोमीटर गेलेला जमिनीचा पट्टा आहे, तो सगळा शहरातल्या राडारोड्याचा भराव. बाबा, ऐरोलीत कांदळवनावर डेब्रिज टाकतात म्हणून तुम्ही किती चिडता! इथे त्याच विटा-सळ्यांवर झाडं उगवलीत आणि पाखरांनी बस्तान बसवलंय. (तरी कांदळवनावर टाकू नयेच.)

तिथे लांब शेपटीची बदकं पाहिली. थेट आर्क्टिककडून येतात. मी दोन हातमोज्यांत कुडकुडत होते, आणि ती इथे हिवाळा काढायला आलेली, त्यांच्या मानाने ही ऊब! सारखी बुडी मारत होती. तुमची फार आठवण झाली बाबा. 2022 मध्ये आपली ठाण्याची खाडी रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आली तेव्हा कात्रण फ्रिजवर लावलं होतंत. आहे का अजून?

ऑपरेशनला मी हवी होते. असो. डोळा छान झाला ना, मग झालं.

या महिन्यात पैसे थोडे कमी पाठवलेत. खोली बदलली, पहिल्या आणि शेवटच्या महिन्याचं भाडं आधीच घेतात. हॉलचा ॲडव्हान्स डिसेंबरात नक्की भरते, दादाने कुणाकडे मागू नये. साखरपुड्याला मात्र जमत नाही. लग्नाला दहा दिवस मिळतील. वहिनीला मीच सांगेन, तुम्ही आधी बोलू नका. आणि मावशीने सुचवलेल्या मुलाबद्दल मी नाही म्हटलेलं नाही, एवढंच कळव.

तुमची,
चिमणी

ता.क. खाडीत फ्लेमिंगो आले का? बाबांना गॉगल लावून रिक्षाने घेऊन जा. रिक्षाचे पैसे माझ्या हिशोबात धर.