गाडी घेतलीस, आता एवढं वाच

बाळा,

गाडीचा फोटो बघितला, पप्पांनी तर अख्ख्या गल्लीला दाखवला, छान आहे, हप्ते तेवढे वेळेवर भर. फोनवर तू "हो आई, हो आई" करून ठेवून देतोस म्हणून लिहायलेय. मेसेज लांब आहे म्हणून पळवू नको, रात्रपाळी करून झोपून उठलास की सावकाश वाच.

मला बोलायचंय ते मेंदू न् मणक्याबद्दल. एवढी वर्षं वॉर्डात काढली, हाड मोडलेली माणसं आली, प्लास्टर लागलं, दीड-दोन महिन्यांनी चालत घरी गेली. हातापायातली नस कापली तरी जोडता येते, ती दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढते, म्हणजे कोपराजवळ तुटलेली नस बोटापर्यंत पोचायला वर्षभर जातं पण निदान पोचायची आशा तरी असते. मेंदूचा न् पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूचा जो भाग मेला तो मात्र परत उगवत नाही, तिथं डॉक्टरही हात टेकतात. म्हणून इजा होऊच द्यायची नाही, आणि झालीच तर एक मिनिट वाया घालवायचं नाही, माझं सगळं बोलणं एवढ्याचसाठी आहे.

हेल्मेट घेतलंय म्हणालास, पण फोटोत ते आरशाला लटकवलंय. मेंदू साधारण 1,300-1,400 ग्रॅमचा असतो, खरवसासारखा मऊ, कवटीच्या आत पाण्यात तरंगत असतो. गाडी थांबते, डोकं थांबतं, पण आतला मेंदू थांबत नाही, तो पुढच्या हाडावर आपटतो न् परत मागच्या हाडावर आपटतो, त्यामुळं कपाळावर साधं खरचटलेलंही नसतं आणि आत रक्त साचलेलं असतं. हेल्मेटच्या आत जे थर्माकोल असतं ते दाबलं जाऊन हा झटका स्वतःवर घेतं. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही चांगलं दिसलं तरी परत वापरायचं नाही, आतलं थर्माकोल दबलेलं असतं. हेल्मेटवर झालेल्या अभ्यासांचा एक मोठा आढावा आहे, कोक्रेनचा, म्हणजे जगभरचे वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या संस्थेचा, त्यात मरायचा धोका 42 टक्क्यांनी न् डोक्याला इजा व्हायचा धोका 69 टक्क्यांनी कमी होतो असं निघालंय. पण पट्टा लावला असंल तर! पट्टा न लावलेलं हेल्मेट माणूस पडायच्या आधी उडून जातं. आयएसआयचा शिक्का न् आयएस 4151 हा नंबर बघ, नसंल तर रस्त्याकडंची ती टोपी फक्त पोलिसाला दाखवायच्या कामाची आहे.

आणि आपल्याकडचे रस्ते तुला माहीत आहेत. कारखाने सुरू झाले की दिवाळीपासून मार्चपर्यंत डबल ट्रॉल्या, मागं लाईट नाही, रेडियम नाही, टायर फुटला की तिथंच रस्त्यात उभी करून ड्रायव्हर जॅक शोधत फिरतो, अन् अंधारात पोरं सरळ उसावर जाऊन धडकतात. हंगामात रात्री आमच्याकडं येणाऱ्या केसमधी ह्या लई असतात. ऊसतोडीला जाणारी माणसं तर पूर्ण कुटंब घेऊन त्याच ट्रॉल्यांवर बसून जातात. त्यांची चूक नाही, त्यांना दुसरं वाहन कोण देतंय, पण ज्यांच्या हातात ट्रॉलीला रेडियम लावणं आहे त्यांनी ते का लावू नये हे मला कधी कळलं नाही.

आता उचलायचं कसं ते ऐक, हे तू तुझ्या मित्रांनाही सांग. एक पोरगं आणलं होतं पिकअपमधी, तुझ्याच वयाचं. चौघांनी उचललेलं, दोघांनी हात धरलेले, दोघांनी पाय, मान खाली लोंबकळायलेली. सोबतचा माणूस म्हणायला की सिस्टर, रस्त्यावर हा पाय हलवत होता. आमच्याकडं आला तेव्हा दोन्ही पाय थंड, चिमटा काढला तरी कळत नव्हतं. मणका मोडलेला असतो पण आतली दोरी कधीकधी शाबूत असते, ती ह्या उचलाउचलीत तुटते. लोकांना वाटतं मणका गेला म्हणजे चालता येत नाही, एवढंच. तसं नाही रे, लघवी कळत नाही, संडास कळत नाही, नळी आयुष्यभराची होते, आणि पाठीवर, माकडहाडावर जखमा पडतात म्हणून दर दोन तासाला कूस बदलावी लागते, रात्री पण. त्याची आई रोज मला विचारायची, पाय कव्हा हलंल. मानेचा वरचा मणका असंल तर त्याहून वाईट, कारण श्वासाचा पडदा हलवणारी नस मानेतल्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीतून निघते.

तेव्हा कोणी पडलेलं दिसलं आणि गाडीखाली किंवा आगीत नसंल, तर ओढू नको. 108 ला फोन लाव. डोकं दोन्ही हातांनी आहे तसं धरून ठेव, त्याला म्हण हलू नको, बसवू नको, पाणी पाजू नको. हलवावंच लागलं तर चार-पाच जण घ्या, डोकं, मान, पाठ, कंबर एका रेषेत ठेवून फळीवर किंवा दारावर सरकवा. हेल्मेट श्वास अडकत असला तरच काढायचं, तेही एकानं मान धरून न् दुसऱ्यानं हळूच. आणि पोलिसाच्या भानगडीला भिऊ नको, 2019 ला मोटार वाहन कायद्यात कलम 134 अ आलंय, मदत करणाऱ्याला कोणी अडकवू शकत नाही, नाव-पत्ता सांगायची पण सक्ती नाही.

डोक्याला मार लागलेला माणूस उठून बसला, चहा प्यायला, बोलायला लागला म्हणजे झालं असं समजू नको. कधीकधी आत रक्त हळूहळू साचत राहतं आणि काही तासांनी तो कोसळतो. परत परत उलटी, वाढत जाणारं डोकेदुखणं, पेंगणं, एका डोळ्याची बाहुली मोठी, कानातून नाकातून पाणी किंवा रक्त, ह्यातलं एक जरी दिसलं तरी जिथं सीटी स्कॅन चोवीस तास चालू असतं तिथं न्यायचं. तुमच्याकडं घाटी, संभाजीनगरचा मोठा सरकारी दवाखाना, जवळ आहे, तुमचं नशीब. इथून माणूस पोचेपर्यंत अर्धी रात्र जाते.

लकव्याचं पण असंच. आपल्याकडं अजून "वारं गेलं अंगावरून" म्हणतात आणि सगळ्यात आधी त्या औषध देणाऱ्या गावाला पळतात. आपल्या मागच्या गल्लीतले काका, सकाळी चहा पिताना चहा तोंडाच्या कोपऱ्यातून सांडायला लागला, बशी हातात धरता येईना. घरच्यांनी जीप केली, तिकडं जाऊन रस पाजून आणला, मग दुपारी दवाखान्यात. रक्ताची गुठळी अडकलेली असंल तर ती विरघळवायचं इंजेक्शन सुरुवातीपासून साडेचार तासाच्या आत द्यावं लागतं, आणि दर मिनिटाला 19 लाखाच्या आसपास पेशी मरत असतात. काकांचा तो सगळा वेळ दवाखान्याबाहेरच निघून गेला. त्यांचा उजवा हात अजून तसाच आहे, आणि बोलणं… ते "पाणी" म्हणायला जातात न् दुसराच शब्द येतो, मग रडतात. ओळखायचं सोपं आहे, हसायला सांग, तोंड वाकडं होतंय का बघ, दोन्ही हात वर करायला सांग, एक खाली येतो का, आणि गावाचं नाव बोलायला सांग. माणूस शेवटचा धड कधी दिसला ती वेळ लक्षात ठेव, डॉक्टर सगळ्यात आधी तेच विचारतात. तोंडात काही घालू नको, गिळता येत नसतं, सरळ फुप्फुसात जातं. रक्त पातळ करायची गोळी पण मनानं देऊ नको, कारण गुठळी आहे का रक्तस्राव आहे ते स्कॅनशिवाय कळत नाही. आणि दहा मिनिटात सगळं ठीक झालं तरी जायचंच, तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असतो.

फिट आलेल्या माणसाच्या नाकाला चप्पल, कांदा लावू नको, दातात चमचा घालू नको. कुशीवर वळव, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेव, घड्याळ बघ, 5 मिनिटाच्या वर गेली किंवा शुद्धीवर यायच्या आधी दुसरी आली तर दवाखाना. मिरगी ही मेंदूतल्या विजेची गडबड आहे, बाहेरचं काही नाही, गोळ्यांनी बहुतेकांची ताब्यात राहते.

तू कंपनीत पेंट शॉपला, रंगकामाच्या विभागात आहेस म्हणून हे वेगळं सांगते. थिनरचा वास "सवयीचा झाला" असं तू म्हणालास ते मला अजिबात आवडलं नाही. त्यातलं टोल्यून मेंदूवर जातं, आणि काही थिनरमधी, चिकटवायच्या पदार्थांमधी हेक्झेन असतं त्यानं पायाच्या नसा खराब होतात, आधी तळव्याला मुंग्या, मग जिना चढताना पाय अडखळतो. तोंडाला रुमाल बांधून वाफ अडत नाही, कंपनीकडं वाफेसाठीचा कार्बनवाला मास्क माग, तो तुझा हक्क आहे, आणि हात थिनरनं धुवायचं बंद कर.

पोळ्याला येऊन कापसावर फवारणी करतो म्हणालास, तर तिथंही तेच. फॉस्फरसवाल्या औषधांनी नसांचा निरोप बंद करणारं जे रसायन अंगात असतं तेच बंद पडतं, मग नसा थांबतच नाहीत, लाळ, घाम, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, अंग फडफडणं, शेवटी श्वास. यवतमाळला 2017 ला फवारणीत किती माणसं गेली ते आठव. हे कातडीतून पण आत जातं. कपडे काढायचे, साबणानं धुवायचं, औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठायचा, नाव कळलं तर त्यावरचा उतारा अ‍ॅट्रोपिन लगेच सुरू होतं. आणि रात्री शेतातल्या आखाड्यावर झोपलास तर खाली अंथरूण टाकू नको, बाजेवर मच्छरदाणी खोचून झोप. मण्यार चावलेलं दुखत नाही न् सुजत पण नाही, पहाटे पोट दुखतं, पापण्या उघडत नाहीत, तेव्हा मारुतीच्या पारावर नाही, सरळ सापाच्या विषावरची लस असलेल्या दवाखान्यात.

पप्पांचं सांगायचं राहिलं. परवा अंगणातून आत आले तर एक चप्पल बाहेरच पायातून निसटलेली, त्यांना कळलंच नाही. शुगरची गोळी दहा वर्षं चालू आहे, त्या मेटफॉर्मिननं बी12 जीवनसत्त्व कमी होतं, त्यात घरात माळ, अंडं-मटण नाही, दूध पण चहापुरतंच. शुगर वाढल्यानं आणि बी12 कमी पडल्यानं, दोन्हीनं तळवे बधिर होतात, शुगर आवरायची आणि बी12 कमी असंल तर लवकर भरून काढायचं, उशीर झाला की पूर्ण भरून येत नाही. मी रक्त दिलंय तपासायला, मंगळवारी रिपोर्ट येईल. तू पण मेसवर खातोस न् दही ताटात सोडतोस, तू पण एकदा तपासून घे.

पोळ्याला गाडीवर येणार असलास तर पाचोड-शहागडवरून उजेडात निघ, पाळी करून झोप न घेता निघू नको, सुट्टी मिळाली नाही तर पप्पा फवारणीला माणूस लावतील. आणि तो कार्बनवाला मास्क मिळाला का ते मला उद्याच कळव, नाही म्हणाले तर कोण म्हणालं ते पण सांग.

तुझी,
आई