भिंतीवर होतं तेवढं राहिलं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतलं इटलीचं पान वाचलं. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, मिलान सगळं आलंय आणि मनापासून लिहिलंय, पण मांतोवा ह्या शहराचं नावसुद्धा नाही याचं मला फार वाईट वाटलं, म्हणून लगेच लिहायला बसले. गेल्या जुलैत मी मिलानला मुलीकडे होते, तिनेच एका शनिवारी सकाळी ट्रेनमध्ये बसवलं, दोनेक तासांचा प्रवास, वाटेत क्रेमोना लागतं. मांतोवाला तीन बाजूंनी तळी आहेत आणि त्या तळ्यांत जुलैमध्ये चक्क कमळं फुललेली असतात, हे बघूनच मी निम्मी खूश झाले होते. राजवाडा अजून बघायचाच होता.

हा राजवाडा, पालाझ्झो दुकाले, म्हणजे एक इमारत नाहीच. किल्ला, चर्च, चौक, वर मजल्यावर केलेली बाग, लांबच लांब गॅलऱ्या, सगळं एकमेकांना जोडत जोडत वाढलेलं, 500च्या वर खोल्या. इथे गोन्झागा घराण्याने 1328 पासून 1707 पर्यंत राज्य केलं. लढाया तर सगळेच करायचे, पण ह्या लोकांनी चित्रकार आणि गवई पोसले. चित्रकार रूबेन्स तरुणपणी इथे दरबारात होता, संगीतकार मोन्तेव्हेर्दीने 1607 साली त्याचा 'ऑर्फेओ' हा ऑपेरा, म्हणजे संगीतनाटक, इथेच पहिल्यांदा सादर केला.

आणि आता खरं सांगते, आत फिरताना पहिला तासभर मला चुकचुकल्यासारखं झालं. केवढी दालनं, केवढी सोनेरी छतं, आणि खाली भिंती बऱ्याच ठिकाणी मोकळ्या! मग मुलीने सगळी हकीकत सांगितली. 1627 च्या सुमाराला गोन्झागांची तिजोरी रिकामी झाली आणि त्यांनी आपला चित्रसंग्रह इंग्लंडच्या राजाला, पहिल्या चार्ल्सला, विकून टाकला. कारावाज्जोने काढलेलं येशूच्या आईच्या, मेरीच्या, मृत्यूचं चित्र, जे चर्चवाल्यांनी नाकारलं होतं आणि रूबेन्सने सुचवलं म्हणून इथल्या ड्यूकने घेतलं होतं, तेही गेलं, ते आता पॅरिसला लूव्हरमध्ये आहे. उरलंसुरलं 1630 साली पवित्र रोमन साम्राज्याच्या बादशहाच्या सैन्याने शहर लुटलं तेव्हा गेलं, आणि त्याच सैन्याबरोबर प्लेगही आला. राफाएलच्या डिझाइनवर विणलेले भिंतीवरचे मोठे पडदे 1866 ला ऑस्ट्रियावाल्यांनी व्हिएन्नाला नेले होते, ते मात्र पहिल्या महायुद्धानंतर परत आले आणि आज आपल्याला बघायला मिळतात. रूबेन्सने केलेलं गोन्झागा कुटुंबाचं भलंमोठं चित्र एका चर्चमध्ये होतं, फ्रेंच आले तेव्हा ते विकायला सोपं जावं म्हणून चक्क कापून तुकडे केले, त्यातले दोन मोठे तुकडे राजवाड्यात लावलेत. मी त्या कापलेल्या कडा बघत कितीतरी वेळ उभी होते. माझ्या आजोळच्या वाड्याचे कोरीव सागवानी खांब वाटणीनंतर एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने टेम्पोत घालून नेले होते, भिंतीतले कोनाडे तेवढे मागे राहिले, ते मला तिथे उभ्या उभ्या आठवलं.

इथेही तसंच झालंय. जे भिंतीवरच रंगवलेलं होतं ते कुणाला नेता आलं नाही. पिसानेल्लोने पंधराव्या शतकात एका दालनात घोडेस्वारांची लढाई रंगवायला घेतली होती, ती अर्धवट राहिली, पुढे तिच्यावर गिलावा चढला आणि लोक विसरूनही गेले. 1960 च्या दशकात गिलावा काढला तर खाली चित्र! रंगाचा भाग किती पुसट झालाय, पण खालची लाल रेघांची कच्ची आखणीसुद्धा वेगळी काढून ठेवलीय, म्हणजे चित्रकाराचा हात कसा फिरला ते दिसतं.

आणि मग शेवटी किल्ल्याच्या बुरुजातली ती खोली, कामेरा देल्यी स्पोझी, म्हणजे नवरा-बायकोची खोली. आठ मीटर बाय आठ मीटर असेल नसेल. चित्रकार आंद्रेआ मांतेन्याने ही 1465 ते 1474 अशी नऊ वर्षं रंगवली, एक खोली! एका भिंतीवर तेव्हाचा इथला राज्यकर्ता लुदोव्हिको गोन्झागा हातात पत्र घेऊन बसलाय, मागे वळून एका माणसाशी काहीतरी बोलतोय, शेजारी बायको बार्बरा, भोवती मुलं आणि दरबारी, खुर्चीखाली कुत्रा आरामात झोपलाय. कुणी कुणाला सुंदर करून दाखवलेलं नाही, जाड मान, सुजलेले डोळे, सगळं आहे तसं. दरवाज्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय की लुदोव्हिको आणि बार्बरासाठी त्यांच्या आंद्रेआ मांतेन्याने हे लहानसं काम केलं. नऊ वर्षांच्या कामाला लहानसं म्हणतो तो! स्वतःचा चेहराही त्याने पानांच्या नक्षीत लपवलाय, मुलीने बोट दाखवलं तेव्हा दिसला.

छताकडे मात्र मी मुद्दाम शेवटी बघितलं. छत जवळजवळ सपाटच आहे, पण मधोमध गोल झरोका रंगवलाय, त्यातून निळं आभाळ, कठड्यावरून बायका वाकून खाली बघतायत, हसतायत, गुबगुबीत पंखवाली मुलं कठड्याला धरून उभी, एक मोर, आणि एका दांड्यावर ठेवलेली झाडाची मोठी कुंडी. त्यातल्या एकीचा हात दांड्यापाशी आहे. आत्ता दांडा सरकला तर कुंडी आपल्या डोक्यात, असं वाटून मी खरोखर एक पाऊल मागे सरले, आणि माझ्या बाजूचे एक आजोबाही सरले. साडेपाचशे वर्षं झाली त्या कुंडीला.

2012 च्या भूकंपात ही खोली बंद करावी लागली होती, दुरुस्ती करून 2015 ला परत उघडली. आत माणसं मोजून सोडतात आणि वेळ थोडाच मिळतो, म्हणून आपल्या वाचकांना सांगावंसं वाटतं की तिकीट आधी बुक करा आणि राजवाडा पळत पळत बघून थकून त्या खोलीत जाऊ नका. अर्धा दिवस ठेवून उरलेल्या वेळात निघू म्हणालात तर काहीच दिसणार नाही, अख्खा दिवस द्या. लाकडी छतावर सोनेरी चक्रव्यूह कोरलेली एक खोली आहे, तिच्या वाटांवर 'कदाचित हो, कदाचित नाही' एवढंच पुन्हा पुन्हा लिहिलंय, तीही चुकवू नका. ते छत मात्र दुसऱ्या वाड्यातून काढून इथे आणलंय, लाकूड होतं ना.

पुरवणीत पुढे कधी जागा झाली तर मांतोवावर एक पान जरूर करा ही विनंती. ह्याच मांतेन्याने ह्याच घराण्यासाठी सीझरच्या विजययात्रेची नऊ मोठी चित्रं केली होती, ती विकली गेली आणि लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात पोचली. पुढच्या उन्हाळ्यात भाचा तिकडे असेल, त्याला मी आत्ताच कळवून ठेवलंय.

आपली नियमित वाचक,
सातारा